संगिनीचा सातबारा

गेल्या पावसाळ्यात नागपूरच्या महाल भागातला एक मुलगा ओळखीतून माझ्याकडे आला. जुन्या चादरीच्या तुकड्यात गुंडाळलेली हातभर लांब वस्तू त्याने टेबलावर ठेवली. "काका, पणजोबा पहिल्या महायुद्धात इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होते. तिथून आणलेली संगीन आहे ही. सालही लिहिलंय, पाहा ना. एकोणीसशे सात."

चादर सोडली. सतरा इंची पातं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, मुठीत दोन स्क्रू. ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलीला लागणारी संगीन, हे लांबूनही कळत होतं. मी ती खिडकीपाशी नेली. धातूवरचे जुने ठसे वरून पडणाऱ्या उजेडात दिसत नाहीत. बाजूने तिरपा उजेड पडला की त्यांच्या कडा उठून येतात.

मुठीजवळ पात्याला धार नसते, तिथे एक सपाट चौकोनी जागा असते. खरी वाचायची जागा तीच. तिथे एक मुकुट होता. त्याखाली 'जी.आर.' ही रोमन अक्षरं, म्हणजे राजा जॉर्ज. त्याखाली १९०७. त्याखाली बारीक आकड्यांत ११ आणि १७, आणि शेवटी सँडरसन हे कारखान्याचं नाव. उलट्या बाजूला सरकारी मालकीचा बाण होता, पातं वाकवून तपासल्याची फुली होती आणि तपासनिसांचे मुकुट-आकडे होते.

इथेच बहुतेक जण चुकतात. १९०७ हे संगीन घडवल्याचं साल नाही. ते नमुन्याचं साल आहे. आपल्या सातबाऱ्यातले सात आणि बारा हे गाव नमुन्यांचे क्रमांक आहेत, ती काही सालं नव्हेत. हेही तसंच. १९०७ चा नमुना पुढे कित्येक वर्षं बनत राहिला आणि प्रत्येक पात्यावर १९०७ च उमटत राहिलं. ही संगीन कधी बनली ते खालचे बारीक आकडे सांगतात: अकरावा महिना, सतरा साल. नोव्हेंबर १९१७.

मग बाकीची अंगं या तारखेशी जुळतात का, ते बघायचं. या नमुन्याच्या सुरुवातीच्या संगिनींना मुठीच्या आडव्या पट्टीला खाली वळलेला आकडा, म्हणजे हुक असे. तो १९१३ मध्ये बंद झाला. इथे तो नव्हता आणि कापून काढल्याची खूणही नव्हती. मुठीच्या टोकाला कचरा बाहेर पडायला आरपार भोक असतं, ते १९१६ पासून आलं. इथे ते होतं. स्क्रू साध्या एका खाचेचे होते. संगीन अस्सल होती. ठसे, घडण आणि झीज, तिघांची साक्ष एकच होती.

पण कुतचा वेढा २९ एप्रिल १९१६ ला शरणागतीत संपला. नोव्हेंबर १९१७ मध्ये घडलेली संगीन त्या वेढ्यात असूच शकत नाही.

मुलाचा चेहरा उतरला. मी त्याला सांगितलं, पणजोबा खोटं बोलले असा याचा अर्थ होत नाही. कुतला गेलेला माणूस पुढे कुठल्या तरी डेपोतून दुसरीच संगीन घरी आणू शकतो. घरातली आठवण दोन गोष्टींना एका दोरीने बांधते. आपल्याला ती गाठ सोडवून दोन्ही धागे वेगळे बघायचे असतात.

जुनी लष्करी हत्यारं, पदकं, बिल्ले, पट्टे, म्यानं यांच्या पारखीचं सगळं काम या एका प्रसंगात आहे. त्यात दोन वेगवेगळे प्रश्न असतात आणि लोक ते कायम एकत्र कालवतात. पहिला प्रश्न: वस्तू जी म्हणून दाखवली जाते, तीच आहे का? दुसरा: ती कुणाकुणाच्या हातून इथवर आली? जमिनीच्या भाषेत पहिलं काम मोजणीचं, दुसरं फेरफाराचं. मोजणी बरोबर निघाली म्हणून मालकी सिद्ध होत नाही, आणि फेरफार स्वच्छ असला तरी जमीन चार गुंठे कमी भरू शकते. वस्तूचा सातबारा हवा असेल तर दोन्ही कामं लागतात, आणि दोन्हींचे पुरावे वेगळे ठेवावे लागतात.

पारखीच्या आधी कायदा

हे मी मुद्दाम वर घेतोय, कारण अजाणतेपणी माणसं अडचणीत येतात. वाड्याच्या माळ्यावर, धान्याच्या कोठीमागे किंवा वारलेल्या मामांच्या ट्रंकेत बंदूक सापडली, तर ती पिशवीत घालून कुणा जाणकाराकडे नेऊ नका. माझ्याकडेही नको. शस्त्र अधिनियम १९५९ प्रमाणे परवान्याशिवाय बंदूक बाळगणं आणि घेऊन फिरणं हा गुन्हा आहे. वारसाला ती कायद्याने आपल्या नावावर करून घेता येते, पण त्यासाठी रीतसर अर्ज करावा लागतो. तोवर शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा ठेवायची सोय कायद्यातच आहे. नागपूर शहरात परवान्याचं काम पोलीस आयुक्तालयाकडे आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला जास्तीत जास्त दोनच बंदुका ठेवता येतात. ३०३ बोअर, म्हणजे ली-एनफिल्डच्या नळीचं माप, तर प्रतिबंधित गटात मोडतो, म्हणजे तो साध्या परवान्यावर मिळत नाही.

"पण ती तर शंभर वर्षांची पुराणवस्तू आहे," असं उत्तर मिळतं. कायद्यात पुरातन किंवा कालबाह्य शस्त्राला सूट आहे खरी, पण कलम ४५ नीट वाचा. दुरुस्ती करून किंवा न करता, कुठल्याच प्रकारे जी बंदूक म्हणून वापरता येणार नाही, तिलाच ती सूट लागते. आपली बंदूक त्यात बसते की नाही, हे आपण घरी बसून ठरवायचं नसतं. तलवारी, खंजीर आणि संगिनीही शस्त्र नियमांच्या यादीत येतात, म्हणून विकत घेण्याआधी किंवा दुसऱ्या गावी नेण्याआधी ठाण्यात विचारून घ्यावं. वस्तू शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदाही लागू होतो, आणि त्याप्रमाणे ती खाजगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. जुनी काडतुसं किंवा तोफगोळा सापडला, तर हात न लावता पोलिसांना फोन करायचा. शंभर वर्षांची दारूही पेटू शकते.

बंदुकीची पारख शिकायला बंदूक जवळ असावी लागत नाही. आपल्याकडे १८६३ पासूनचं मध्यवर्ती संग्रहालय आहे, आपला अजब बंगला. तिथल्या शस्त्रांच्या दालनात एक सकाळ काढा आणि फक्त एकच गोष्ट बघा: ही बंदूक पेट कशी घेते? जळत्या दोरीने पेटते ती तोड्याची. गारगोटीच्या ठिणगीने पेटते ती चकमकीची. तांब्याच्या बारक्या टोपीवर घोडा आपटून उडते ती टोपीची. या तिन्ही ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू आणि गोळी भरायच्या. पुढे मागून भरायची काडतुसी बंदूक आली. एवढं ओळखता आलं तरी निम्मी भाकडकथा गळून पडते. टोपीच्या बंदुकीला कुणी पानिपतावरची म्हणू लागलं, तर तिथेच थांबता येतं, कारण ती युक्तीच एकोणिसाव्या शतकातली आहे. एक सावधगिरी मात्र बाळगा. चकमकीच्या पुष्कळ बंदुका पुढे टोपीच्या करून घेतल्या गेल्या. त्यांच्या बाजूच्या लोखंडी पट्टीवर जुन्या भागांची बुजवलेली भोकं दिसतात. अशा बंदुकीला दोन वयं असतात आणि दोन्ही खरी असतात.

लोखंडावरची अक्षरं

ली-एनफिल्ड आपल्या सगळ्यांच्या नजरेतली. ठाण्याच्या दारातल्या शिपायाच्या खांद्यावर ती किती दशकं होती! कॉलेजात एनसीसी केलेल्यांनी तर तिची कवायती बहीण हातातही धरलेली असेल. तिच्यावर 'डी.पी.' असा ठसा असतो. त्याचा अर्थ फक्त कवायतीसाठी, गोळी झाडण्यासाठी नव्हे.

या रायफलीची जन्मपत्रिका दस्ता जिथे यंत्राला जोडला जातो, त्या लोखंडी कड्याच्या उजव्या अंगाला असते. मुकुट, राजाची अक्षरं, कारखाना, साल आणि नमुना. कारखाना इंग्लंडातला एनफिल्ड किंवा बर्मिंगहॅमचा बी.एस.ए. असेल, ऑस्ट्रेलियातला लिथगो असेल, नाहीतर आपला बंगालातला इशापूर. मार्क तीन या नमुन्याच्या आकड्यापुढे चांदणी असेल तर तो १९१६ च्या सुमाराला आलेला सोपा प्रकार. युद्ध रेटायचं होतं, रायफली भराभर हव्या होत्या, म्हणून लांब पल्ल्याचा जादा नेम आणि मॅगझिन, म्हणजे काडतुसांची पेटी, तात्पुरतं बंद करायची पट्टी असे भाग गाळले गेले. म्हणजे एवढ्याशा चांदणीत युद्धकाळाची घाई नोंदली गेली आहे.

इशापूरच्या रायफलींवर 'जी.आर.आय.' दिसतं. शेवटचा आय सम्राटाचा, हिंदुस्थानच्या बादशहाचा. स्वातंत्र्यानंतर मुकुट गेला आणि त्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. मला हा बदल फार हलवून जातो. तोच कारखाना, तीच यंत्रं, कदाचित तोच कारागीर, आणि हातातला छाप तेवढा बदललेला. १९६२ च्या युद्धानंतर याच इशापुरात जुन्या घडणीवर ७.६२ बोअरची रायफल निघाली. तिचं मॅगझिन जास्त चौकोनी आहे. कुणी ती दुसऱ्या महायुद्धातली म्हणून दाखवली, तर तेवढ्यावरूनच ओळखा.

मग क्रमांक. रायफलीचा क्रमांक एकाच जागी नसतो. तो नळीवर, यंत्राच्या पुढच्या कड्यावर, काडतूस नळीत ढकलणाऱ्या बोल्टच्या दांडीमागे, नेमाच्या पट्टीखाली आणि पुढच्या टोपणावरही असतो. सगळीकडे एकच आकडा असेल तर ती रायफल जन्मल्यापासून एकसंध आहे. हे दुर्मिळ असतं आणि संग्राहक त्यासाठी जास्त पैसे मोजतात. आकडे वेगळे असले म्हणून ती नकली ठरत नाही. लष्करी कारखान्यात रायफली दुरुस्तीला येत, सुट्या होत, आणि नवा बोल्ट बसला की जुना आकडा काटून नवा ठोकला जाई. अशी काट प्रामाणिक असते, कारण जुना आकडा तिच्याखाली वाचता येतो. संशय घ्यावा तो कानशीने पुसून गुळगुळीत केलेल्या जागेचा. लष्कराला लपवायचं काही नव्हतं. पुसणाऱ्याला असतं.

बाणाच्या खुणेबद्दल थोडं. रुंद बाण म्हणजे ब्रिटिश सरकारी मालमत्ता. बाणाखाली आय हे अक्षर असेल तर हिंदुस्थान सरकारची. दोन बाण टोकाला टोक लावून समोरासमोर असतील, तर वस्तू सरकारने अधिकृतपणे विकून टाकली. हा तिसरा ठसा म्हणजे लोखंडावरचा फेरफारच. सरकारचं नाव कमी झालं, इथून पुढे खाजगी मालकी.

त्याहून जुन्या बंदुकांवर ईस्ट इंडिया कंपनीचे छाप मिळतात. पत्त्यांतल्या बदामाच्या आकृतीचे चार भाग, त्यांत व्ही, ई, आय, सी ही अक्षरं आणि वर चारचा आकडा, हे कंपनीचं जुनं व्यापारी चिन्ह. कापसाच्या गाठींवर आणि बंदुकांवर कंपनी एकच शिक्का मारत होती. साधारण १८०८ पासून त्याची जागा पुढच्या पायांत मुकुट धरून उभ्या असलेल्या सिंहाने घेतली. नागपूरकर भोसले आणि कंपनी यांच्यातली सीताबर्डीची लढाई २६ आणि २७ नोव्हेंबर १८१७ ची. तेव्हा कंपनीच्या पलटणींत दोन्ही छापांच्या बंदुका असणं साहजिक होतं, कारण नवी आली म्हणून जुनी कुणी फेकत नसे. म्हणून एक नियम कायम लक्षात ठेवा. ठसा सांगतो की वस्तू याच्या आधी बनलेली नाही. ती केव्हापर्यंत वापरात होती, हे ठसा सांगत नाही.

आता नकलांकडे. खैबर खिंडीच्या बाजूला, आज पाकिस्तानात असलेल्या दर्रा आदमखेलला पिढ्यान्‌पिढ्या बंदुका हाताने घडवल्या गेल्या. कारागीर निष्णात, पण रोमन अक्षरं त्यांच्यासाठी चित्रं होती. त्यामुळे कुठे एन उलटा पडतो, कुठे कारखान्याच्या नावातलं अक्षर गळतं. सगळ्यात मोठी चूक राजाराणीची. 'व्ही.आर.' म्हणजे राणी व्हिक्टोरिया. ती २२ जानेवारी १९०१ ला वारली. त्यामुळे तिची अक्षरं आणि खाली १९१० सालचं काही कोरलेलं असेल, तर पुढे बघायची गरज उरत नाही. या बंदुका इतिहास म्हणून तुच्छ नाहीत, त्यांचाही स्वतंत्र अभ्यास होतो. पण एनफिल्डची म्हणून विकली जाते तेव्हा ती फसवणूक आहे.

आपल्याला वाचता येतं ते

एका बाबतीत मराठी माणूस लंडनच्या जाणकारापेक्षा पुढे आहे, आणि आपण त्याचा उपयोगच करत नाही. २००३ साली अमेरिकेतल्या व्यापाऱ्यांनी काठमांडूच्या लगन सिलेखान्यातला नेपाळ दरबाराचा जुना शस्त्रसाठा विकत घेतला. त्यात हजारो बंदुका होत्या. त्या आज जगभरच्या संग्राहकांकडे पोचल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी बंदुकांवर देवनागरी अक्षरं आणि आकडे आहेत. आपल्याकडचं चौथीतलं पोरही जे घडाघडा वाचेल, त्यासाठी तिकडच्या माणसाला तक्ता समोर ठेवावा लागतो.

आकडा वाचता आला तरी साल कळलं असं नाही. पात्यावर १८०५ कोरलंय, समजा. हा शालिवाहन शक असेल तर ७८ मिळवायचे: इसवी १८८३. विक्रम संवत असेल, जसा नेपाळात, तर ५७ वजा करायचे: १७४८. सरळ इसवी सन असेल तर १८०५ च. सगळ्यात आधीच्या आणि सगळ्यात नंतरच्या उत्तरात १३५ वर्षांचं अंतर पडतं. मराठ्यांच्या दफ्तरात याशिवाय शुहूर सन येतो, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. फसली येते, तिच्यात ५९० किंवा ५९१. राज्याभिषेक शक १६७४ पासून मोजायचा. आकडा लहान, हजार-बाराशेच्या घरातला दिसला तर तो शुहूर, फसली किंवा हिजरी असण्याची शक्यता आधी धरा. शेजारी महिना, तिथी किंवा संवत्सराचं नाव असेल तर जुनं पंचांग काढून पडताळा करता येतो. आणि अक्षरं मोडीत असतील तर मोडी येणारी माणसं आपल्या शहरात आहेत, त्यांना नुसता फोटो न पाठवता ठशाचा कागदावर घेतलेला पेन्सिलीचा उठाव दाखवा. फोटोत सावली फसवते.

पात्यावरच्या देवनागरीचं मोल काय असतं, ते २०२५ मध्ये सगळ्या नागपूरने पाहिलं. एप्रिलच्या अखेरीस लंडनच्या सदबीज लिलावात नागपूरकर भोसल्यांची तलवार आली. महाराष्ट्र शासनाने ती मिळवली, सगळा खर्च धरून सुमारे ४७ लाख रुपये लागले, आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत पोचली. पातं सरळ, एकधारी, युरोपात घडलेलं. मूठ आपल्याकडची, सोन्याच्या कामाची. पात्याच्या पाठीवर मुठीजवळ सोन्याच्या देवनागरी अक्षरांत राघोजी भोसल्यांचं नाव, सेनासाहेबसुभा हे पद आणि 'फिरंग' हा शब्द.

ही तलवार पारखीचा धडा म्हणून घ्या. युरोपीय पातं बघून कुणी म्हणेल, ही कसली मराठ्यांची? पण फिरंग म्हणजेच परदेशी पात्याची तलवार. आपले सरदार चांगलं पातं बाहेरून घेत आणि मूठ आपल्या हाताच्या बेताने चढवून घेत. म्हणजे जी विसंगती वाटते, ती त्या काळची रीत आहे, आणि कोरणाऱ्याने तो शब्द वर लिहूनच ठेवला आहे. पुढची पायरी: कोणते राघोजी? नागपूरच्या गादीवर या नावाचे तिघे झाले. ही तलवार पहिल्या राघोजींची म्हणून ओळखली गेली. पण नुसत्या नावावर असा निवाडा होत नसतो. पात्याची घडण, मुठीचा घाट आणि अक्षरांचं वळण यांना साक्षीला बसवावं लागतं. शेवटी फेरफार. ती नागपुरातून लंडनला कशी गेली? १८१७ च्या पराभवानंतरच्या लुटीत गेली असावी, असा जाणकारांचा अंदाज आहे. १८५३ मध्ये तिसरे राघोजी वारले, पुढच्या वर्षी इंग्रजांनी राज्य खालसा केलं आणि भोसल्यांचा जडजवाहीर लिलावात काढला. ही दुसरी वाट. मला आवडलं ते हे, की अंदाज अंदाज म्हणूनच मांडला गेला. सातबाऱ्यावर एखादी नोंद गहाळ असली तर तिथे आपल्या मनाने नाव घालत नाहीत. जागा मोकळी ठेवतात.

कडेवरचं नाव

बंदुका थोड्यांच्याच घरी असतात. पदकं, बिल्ले, पट्टे मात्र विदर्भात घरोघरी निघतात, आणि माझा स्वतःचा सगळ्यात मोठा धडा त्यातलाच आहे.

काही वर्षांपूर्वी एका व्यापाऱ्याकडून मी पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक घेतलं. या पदकांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण असते. कडेवर एका मराठा शिपायाचं नाव होतं. मी त्या माणसाच्या मागे लागलो. याद्या पालथ्या घातल्या, पलटणीचा इतिहास वाचला, त्याचे कुणी वंशज भेटतील म्हणून पत्रं लिहिली. आठ महिने. मग एका मित्राचं तसलंच पदक हातात आलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. माझ्यातली अक्षरं कोरलेली होती, त्याच्यातली ठोकून उमटवलेली. वर्नियर कॅलिपर लावला. हे पदक ३६ मिलिमीटर व्यासाचं असायला हवं. त्याचं होतं. माझं गोल फिरवून कुठूनही मोजलं तरी कमी भरत होतं. मूळ नाव कानशीने घासून टाकून, त्यावर खपेल असं नाव घातलं होतं. पैसे गेले त्याचं मला फारसं काही वाटलं नाही. ज्याचं नाव घासलं गेलं तो कोण होता, हे आता कधीच कळणार नाही, ते अजून टोचतं.

दुसऱ्या महायुद्धाच्या पदकांत एक गोष्ट ध्यानात घ्या. ब्रिटनने आपल्या सैनिकांना दिलेल्या त्या पदकांवर नाव घातलं नाही, पण हिंदी सैन्याला दिलेल्यांवर घातलं. म्हणून आजोबांच्या पदकाची कड कोरी असेल तर ते कुठून आलं हा प्रश्न रास्त आहे.

बिल्ले त्याहून बोलके. महार रेजिमेंट ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला उभी राहिली आणि तिची दुसरी बटालियन १९४२ मध्ये आपल्या कामठीत. सुरुवातीच्या टोपीच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ मध्ये मशीनगन रेजिमेंट झाल्यावर एकमेकींवर आडव्या टाकलेल्या दोन विकर्स मशीनगन आल्या, स्तंभ होताच. स्वातंत्र्यानंतर स्तंभाच्या जागी खंजीर आला. घरात सापडलेला बिल्ला यातला कोणता, यावरून आजोबा कोणत्या वर्षांत पलटणीत होते याचा माग लागतो.

कापड आणि चामड्याला नोटा तपासायची जांभळी बत्ती लावून बघतात. अलीकडच्या कृत्रिम धाग्याला त्या उजेडात निळसर चमक येते. पण जुना पट्टा कुणी आजच्या साबणपावडरीत धुतला असेल तर तोही चमकतो, तेव्हा शिवणीच्या आतल्या बाजूचा धागा बघावा. स्क्रूचं डोकं बघावं. अधिक चिन्हाच्या खाचेचा स्क्रू १९३० च्या दशकात आला, त्यामुळे पहिल्या महायुद्धातल्या म्हणवणाऱ्या वस्तूत तो असेल तर निदान तेवढा भाग नंतरचा. आणि झीज हाताच्या जागी असायला हवी. खिशात, पट्ट्यावर, हातात वावरलेली वस्तू उंचवट्यांवर झिजते. आम्लात बुडवून म्हातारी केलेली सगळीकडे सारखीच खडबडीत होते, खाचांच्या तळाशीसुद्धा.

म्हणून हात जोडून सांगतो, दिवाळीच्या साफसफाईत या वस्तू चिंच आणि पितांबरीने घासू नका. समया, तांब्या घासा. जो काळपट थर निघून जातो, तोच वयाचा पुरावा असतो, आणि घासताना ठशांच्या कडाही जातात.

कागद कुठे शोधायचा

घरापासून सुरुवात. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवून, त्याचं वाक्य न सुधारता, जसंच्या तसं लिहून घ्या. कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला, आणि त्याला ते कुणाकडून कळलं. मग ट्रंका: डिस्चार्जचा कागद, पेन्शनचं पुस्तक, फोटोच्या मागची अक्षरं, आणि बंदूक असेल तर जुना परवाना. परवान्यावर बोअर, बनावट आणि क्रमांक असतो, म्हणून हत्याराशी ताडून बघता येईल असा घरातला पहिला कागद तोच. पुढे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. मग आपल्या शहरातलंच राज्य पुराभिलेखागार. कंपनी आणि इंग्रजी अमदानीचे लष्करी कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. दोन्ही महायुद्धांत मेलेल्यांची यादी राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. नाव शोधताना इंग्रज कारकुनाच्या कानाने शोधा. 'गणपत'ची पाच स्पेलिंगं करून बघा.

आणि एखाद्या वस्तूवर कोपऱ्यात रंगाने बारीक क्रमांक घालून वर पारदर्शक लेप दिलेला दिसला, तर खरेदी थांबवा. संग्रहालयं असा नोंदणी क्रमांक घालतात. ती वस्तू कुठल्या तरी कपाटातून उठलेली असू शकते.

महालातला तो मुलगा दोन महिन्यांनी परत आला. आजीच्या ट्रंकेत, लुगड्यांच्या तळाशी, पणजोबांचा डिस्चार्जचा कागद निघाला होता. घड्यांवर फाटलेला, पण पलटण वाचता येत होती: १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री. ती पलटण कुतच्या वेढ्यात होती. आज तिला जंगी पलटण म्हणतात.

आम्ही वहीत दोन वेगळ्या ओळी लिहिल्या. एका ओळीत पणजोबा, पलटण आणि कागदाचा दाखला, आणि 'कुतला होते' यापुढे 'घरची आठवण, पलटणीशी जुळते'. दुसऱ्या ओळीत संगीन: सँडरसन, नोव्हेंबर १९१७, अस्सल, घरात कशी आली यापुढे मोकळी जागा. त्याने सुती दोऱ्याने मुठीला चिठ्ठी बांधली, त्या दिवसाची तारीख घातली आणि खाली आधी आजीचं नाव लिहिलं, मग स्वतःचं.